खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर टेकनपूर येतं. सीमा सुरक्षा दलाची अकादमी इथे १९६६पासून आहे आणि दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९७०पासून. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, बेल्जियन मेलिनॉइ या परदेशी जातींच्या पंक्तीला अलीकडे इथे दोन देशी जाती येऊन बसल्या आहेत. एक उत्तर प्रदेशातला रामपूर हाउंड आणि दुसरा आपला मुधोळ. २०२४ साली लखनौला भरलेल्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये दलाच्या ‘रिया’ या मुधोळ कुत्रीने माग काढण्याच्या विभागात पहिला क्रमांक पटकावला आणि साऱ्या स्पर्धेतला सर्वोत्तम श्वानाचा मानही मिळवला. देशी जातीच्या कुत्र्याला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

आता असाच एखादा मुधोळ संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून फिरायला न्या. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास इथे तळ दिला तेव्हापासून या वस्तीत मराठी घरं आहेत, त्यामुळे टोमणाही मराठीतच ऐकायला मिळेल: “काय हो, याला घरी जेवायला घालत नाही वाटतं?” मालक ओशाळतो. घरी येऊन वाडग्यात दोन पोळ्या जास्तीच्या कुस्करतो, वर तुपाची धार सोडतो. कुत्रा हुंगतो, चार घास खातो आणि बाजूला होतो. महिन्याने पाहावं तर बरगड्या जिथल्या तिथे.

या प्रसंगात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कुत्रा बांध्यानेच सडपातळ आहे की खाल्लेलं त्याच्या अंगी लागत नाही? पहिल्याचं उत्तर ‘होय’ असेल तर करण्यासारखं थोडंच असतं. दुसऱ्याचं ‘होय’ असेल तर नुसतं वाडगं भरून काही होत नाही. या प्रकरणात हे दोन प्रश्न सुटे करायचे आणि मग वजन वाढवायचंच असेल तर ते कसं वाढवायचं, ते पाहायचं.

बांधाच तसा

मुधोळ हे आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं गाव. इंग्रजी अमदानीत ते घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं आणि या जातीची निगा राखून तिला नाव मिळवून देण्याचं श्रेय त्या घराण्याकडे जातं. सांगलीच्या जत भागात, सोलापुरात, मराठवाड्यात हाच कुत्रा ‘कारवान’ म्हणून ओळखला जातो. अंगावर लांब केस असलेल्याला ‘पश्मी’ म्हणतात. सशामागे उघड्या माळावर धावायचं, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, धंदा गेला, पण शरीर तेच राहिलं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. त्यांत हिमालयन शीपडॉग आणि राजापालयमबरोबर रामपूर हाउंड आणि मुधोळ हे दोघेही होते.

ग्रेहाउंड, सलुकी, रामपूर, मुधोळ ही सगळी नजरेने शिकार हेरून तिच्यामागे सुटणाऱ्या कुत्र्यांची मंडळी. खोल छाती, पोटाकडे एकदम वर चढत गेलेली रेषा, लांब पाय, पातळ कातडी, आखूड केस. कातडीखाली चरबीचा थर नावापुरता. म्हणजे ही कुत्री अशक्त असतात असं मुळीच नाही. ग्रेहाउंडच्या वजनात स्नायूंचा वाटा सुमारे ५७ टक्के भरतो, इतर कुत्र्यांत तो ४४ टक्क्यांच्या आसपास असतो. लॅब्राडोर पाहून सवय झालेल्या डोळ्याला ज्या अंगावर काहीच दिसत नाही, तिथे खरं तर मांस ठासून भरलेलं असतं.

रक्ताचा रिपोर्ट वाचतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं. त्यामुळे इतर जातींत ‘ठीक’ म्हणावा असा आकडा त्याच्या बाबतीत रक्त कमी झाल्याची खूण असू शकतो. उलट थायरॉइडचा आकडा या कुत्र्यांत जात्याच खाली असतो आणि नसलेला आजार असल्यासारखा वाटतो. डॉक्टरांना कुत्र्याची जात आधीच सांगितलेली बरी.

डोळ्यांवर नको, हातांवर विश्वास ठेवा

पशुवैद्य कुत्र्याची अंगकाठी १ ते ९ अशा मापाने ठरवतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे चालताना धाप लागणारा लठ्ठ. ४ आणि ५ हे उत्तम. हे माप लावायला यंत्र लागत नाही.

स्वतःचा डावा हात पंजा जमिनीकडे करून सरळ पसरा आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्याची पाठ चाचपा. बोटांमागची हाडं पातळ आवरणाखाली सहज लागतात. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर वजन योग्य. आता मूठ वळा आणि वर आलेले सांधे चाचपा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रा रोड आहे. हात उलटा करून तळव्याच्या गादीतून हाडं शोधावी लागतात तशा बरगड्या शोधाव्या लागल्या, तर तो जाड आहे. केसाळ पश्मीच्या बाबतीत तर डोळ्यांना काहीच कळत नाही, हातच खरं सांगतो.

मुधोळसारख्या कुत्र्यात शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडांची टोकं दिसणं हे आजाराचं लक्षण नव्हे. त्यासाठी दुसरी तपासणी अधिक उपयोगाची, ती स्नायूंची. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. तिथे भरीव, घट्ट पट्टे लागायला हवेत. खळगे लागले, मांड्या सपाट झाल्या असल्या, डोक्यावर डोळ्यांच्या मागे खोबण पडली असली, तर शरीर चरबी संपवून स्वतःचे स्नायू खाऊ लागलं आहे. हा कुत्रा बांध्याने बारीक नव्हे, तो खंगलेला आहे.

तिसरी खूण काळाची. दोन वर्षांचा कुत्रा पहिल्यापासून २२ किलोच असेल, खेळत असेल, अंगावर तकाकी असेल, तर काळजीचं कारण नाही. तोच सहा महिन्यांपूर्वी २५ किलो होता आणि आता २२ आहे, तर कारण शोधायला हवं. म्हणून निरोगी असतानाची वजनं कुठेतरी लिहून ठेवावीत. घरच्या काट्यावर कुत्रा उभा राहत नाही. त्याला उचलून आपण उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

आधी जंत, मग जेवण

भरपूर खाऊनही वजन वाढत नाही तेव्हा पहिला संशय जंतांवर घ्यावा. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला डसून रक्त पितात. पिल्लाच्या हिरड्या फिक्या पडतात, शी काळपट होते. गोलकृमी पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगवतात आणि बाकी अंग वाळवतात. पट्टकृमी पिसवांमार्फत येतात आणि शेपटीखाली भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले की ओळखू येतात. पिसवांचा बंदोबस्त न करता नुसतं औषध दिलं तर ते पुन्हा होतात. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध देण्याची पद्धत आहे. औषध वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नये. एकाच गोळीने सगळे कृमी मरतात असंही नाही. शीची तपासणी करून घेतली तर कोणता पाहुणा आहे ते कळतं.

दुसरा संशय गोचिडांवर. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले आजार पसरतात. जोराचा ताप येऊन गेला तर मालकाच्या लक्षात येतं. पण एर्लिकिया महिनोन्‌महिने दबा धरूनही बसतो: भूक मंद, हालचाल सुस्त, वजन गळतंय, अधूनमधून नाकातून रक्त. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली रोज बोटं फिरवणं हा सवयीचा भाग व्हायला हवा.

याखेरीज किडलेले दात, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह हेही असतात. एक आजार मात्र खास ओळखून ठेवावा, कारण त्यात मालकाची हमखास फसगत होते. स्वादुपिंडातून पाचकरस तयार होणं थांबतं. कुत्रा अधाशासारखा खातो, पुन्हा मागतो, ढीगभर फिकट, तेलकट, दुर्गंधी शी करतो आणि वाळत जातो. त्याला कितीही घाला, सगळं तसंच बाहेर पडतं. यावर उपाय आहे तो पाचकरसाची पूड अन्नात मिसळून देण्याचा, जास्त अन्नाचा नव्हे.

दूध-पोळीचा हिशेब

रोग नाही असं ठरलं की वाडग्याकडे वळायचं. ग्वाल्हेर काय आणि पुणे काय, मराठी घरातला कुत्रा बहुधा दूध-पोळीवर वाढतो. हिशेब मांडून पाहू.

विश्रांतीत असलेल्या कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढायचं एक सूत्र आहे. इष्ट वजनाचा घन करा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचं वर्गमूळ दोनदा काढा आणि ७०ने गुणा. २२ किलोच्या कुत्र्यासाठी २२चा घन १०,६४८. त्याचं वर्गमूळ सुमारे १०३, त्याचं पुन्हा वर्गमूळ १०.१६. गुणिले ७० म्हणजे साधारण ७१०. घरात राहून दिवसातून दोनदा फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला याच्या १.६ ते १.८ पट लागतं: सुमारे ११५० ते १२८० कॅलरी. (इथे आणि पुढे कॅलरी म्हणजे आहारातली, किलोकॅलरी.) रोज पळणाऱ्याला याहून जास्त.

चार पोळ्या आणि अर्धा लिटर म्हशीचं दूध यांतून मिळतात ९००च्या आसपास कॅलरी आणि जेमतेम ३० ग्रॅम प्रथिनं. प्रौढ कुत्र्याच्या आहारासाठी अमेरिकेत धरलेलं किमान प्रमाण दर १००० कॅलरींना ४५ ग्रॅम प्रथिनं असं आहे. म्हणजे पोट भरलेलं दिसतं, पण स्नायू बांधायला माल अपुरा. त्यात पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, शी पातळ होते आणि आलेलंही निसटून जातं. दोष पोळीचा नाही. माणसाच्या सोबतीत राहून कुत्रा शिजवलेलं पिठूळ अन्न पचवायला शिकला आहे, लांडग्यापेक्षा त्याच्यात ते पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. दोष आहे तो पोळीच्या सोबतीला काहीच नसण्याचा.

याच कुत्र्याला २५० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडांचं चिकन, ४०० ग्रॅम शिजलेला मऊ भात, एक उकडलेलं अंडं, वाटीभर लाल भोपळा किंवा गाजर आणि दोन छोटे चमचे तेल दिलं, तर कॅलरी होतात ११००च्या घरात आणि प्रथिनं सुमारे ९० ग्रॅम. घरात मांस शिजत नसेल तर अंडी, पनीर आणि दही यांवर भर द्यावा. डाळ चांगली, पण गाळ होईपर्यंत शिजवलेली आणि फोडणीशिवाय.

या ताटातही एक मोठं भगदाड आहे. चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. महिनोन्‌महिने हेच चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. वाढत्या पिल्लांत तर पाय वाकतात. धुऊन, भाजून, पिठासारखी दळलेली अंड्याच्या कवचाची पूड हा जुना उपाय खरा आहे. या मापाच्या ताटाला छोटा अर्धा ते पाऊण चमचा पुरतो. तरीही जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व राहतंच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरचंच घालायचं असेल तर खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण डॉक्टरांना विचारून जोडावं, किंवा निम्मं जेवण चांगल्या प्रतीच्या तयार खाद्याचं ठेवावं. कोरड्या तयार खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. नेमका आकडा पाकिटावर असतो.

किती वेगाने, किती वेळा

आठवड्याला अंगाच्या वजनाच्या १ ते २ टक्के, एवढा वेग पुरे. २० किलोच्या कुत्र्यात तो २०० ते ४०० ग्रॅम होतो. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, शी झाल्यावर आणि खाण्याआधी वजन करावं. दोन-तीन आठवडे काटा हलला नाही तर अन्न १० टक्क्यांनी वाढवावं. नवं अन्न आणायचं तर आठ-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यावं.

जेवण दिवसातून तीनदा द्यावं. याला कारण नुसतं पचन नाही. मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पीळ खाण्याचा धोका असतो आणि दिवसातून एकदाच भरपेट जेवणाऱ्या कुत्र्यांत तो वाढतो. ओकारीचा नुसता उमाळा येतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं, कुत्रा एका जागी ठरत नाही, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा हाती लागत नाही. बारीक कुत्र्याला जाड करण्याच्या भरात रात्री पातेलंभर भात पुढे ठेवणं म्हणजे नेमकं याच संकटाला बोलावणं. जेवणाच्या आधी नि नंतर तासभर धावपळ नको.

पण धावणं बंद मात्र करू नये. ‘फिरवल्याने आणखी वाळेल’ म्हणून साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या अंगावर जे चढतं ती चरबी. स्नायू भरतात ते वापरल्याने. चढावर चालवणं, मोकळ्या मैदानात छोट्या छोट्या धावा आणि मध्ये विश्रांती, हे प्रथिनांच्या जोडीला हवंच.

ग्वाल्हेरचं हवामान

उत्तरेत कुत्रा पाळणाऱ्याने वर्षाचे दोन हिशेब ठेवावेत. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५च्या आसपास जातो, लू सुटते. या दिवसांत कुत्र्याने दुपारचं जेवण नाकारणं हे नखरे नव्हेत. अन्न पचवताना शरीर तापतं आणि ते तापणं त्याला नको असतं. पहाटे उजाडायच्या आत आणि रात्री उशिरा अशी दोन मुख्य जेवणं ठेवावीत, मधलं हलकं दही-भाताचं. उरलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये. चैत्र ते आषाढ वजन वाढवण्याची मोहीमच काढू नये, टिकवलं तरी जिंकलं.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत धुक्याच्या रात्री पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. दख्खनच्या माळावर घडलेल्या, आखूड केसांच्या, चरबी नसलेल्या कुत्र्याची पुष्कळशी ऊर्जा मग नुसती अंग गरम ठेवण्यात जाते. कमी खाल्लं नाही तरी जानेवारीत वजन उतरतं ते यामुळे. तेव्हा वाडगं थोडं वाढवावं, फरशीवर गोणपाट किंवा जाड सतरंजी घालावी, रात्री अंगात कोट घालावा. उबदार झोपही अंगी लागते.

घाईचे उपाय

बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, मग कुत्र्याला का नको? लाडवात मनुका-बेदाणे असतात आणि त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात. म्हणून घरातली उरलेली भाजी किंवा कोपऱ्यावरच्या बेडई-कचोरीसोबतचा रस्सा वाडग्यात ओतायचा नाही. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ विषारीच. गजकाने लगेच काही होत नाही, पण गुळाने वजन वाढलं तरी बळ वाढत नाही.

तुपाचं काय? छोट्या चमच्यात ४५ कॅलरी, स्वस्त आणि चविष्ट. रोज एक चमचा चालतो. सवय नसलेल्या कुत्र्याला एकदम वाटीभर तूप किंवा मटणाची चरबी घातली तर स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या सुटतात आणि महिनाभर कमावलेलं वजन चार दिवसांत जातं. शिजवलेली हाडंही नकोत, ती सुईसारखी फुटतात. ‘ताकदीचं इंजेक्शन’ मागायला कुणी निघालं असेल तर त्यात काय आहे ते आधी विचारावं. स्टेरॉइडने कुत्रा खा-खा करतो, फुगतो आणि आतून स्नायू झिजतात.

रस्त्यावरून उचलून आणलेल्या, अनेक दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला पहिल्याच दिवशी पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम झपाट्याने खाली येऊन जीवावर बेततं. त्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या घासांनीच.

कुठे थांबायचं

अमेरिकेत १९८७ साली लॅब्राडोरच्या ४८ पिल्लांवर एक प्रयोग सुरू झाला. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जे मिळेल त्याच्या ७५ टक्के दुसऱ्याला, तेही आयुष्यभर. कमी खाणारी भावंडं सडपातळ राहिली, त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले आणि ती सरासरी पावणेदोन ते दोन वर्षं जास्त जगली. हा प्रयोग उपाशी ठेवण्याचं समर्थन नाही, कारण कमी खाणाऱ्यांनाही सगळी पोषकद्रव्यं पुरेशी मिळत होती. पण बारीक कुत्रा म्हणजे दुर्लक्षित कुत्रा, ही समजूत त्याने मोडीत काढली.

तेव्हा बरगड्या पसरलेल्या हातासारख्या लागू लागल्या, कण्याशेजारचे खळगे भरले, शी घट्ट होऊ लागली, फिरून आल्यावर कुत्रा आणखी खेळायला मागू लागला की वाढवलेलं अन्न तिथेच स्थिर करावं. २२ किलोवर तब्येतीने असलेल्या मुधोळला ३० किलोंचा करणं हा त्याच्यावर उपकार नव्हे, ते त्याच्या गुडघ्यांवर आणि हृदयावर लादलेलं ओझं आहे. रस्त्यावरच्या टोमण्याचं उत्तर वाडग्यात शोधू नये. फार झालं तर टोमणा मारणाऱ्याला कुत्र्यामागे मैदानाची एक फेरी धावायला सांगावं.